नुसतं ओके लिहू नकोस

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. महापेला ड्रोनच्या रोटरी इंजिनावर काम मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात उघडलेलं इंजिन पुढ्यात ठेवून झीज मोजून दे म्हणाले, वाचून खूप बरं वाटलं बघ. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये माझं आयुष्य मोजमापात गेलं, म्हणून जे वाटतंय ते लिहितो.

अजून काही पुसलं नसशील तर पुसू नकोस. आधी फोटो काढ, कार्बन कुठे जमलाय, कुठे घासून चकाकतंय, आणि एपेक्स सील, म्हणजे तिकोनी रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, काढताना कुठलं कुठल्या खाचेतलं, कुठलं टोक पुढच्या बाजूला होतं ते लिही, कारण एकदा तिन्ही एका ट्रेमध्ये पडली की रीडिंग कितीही बरोबर आलं तरी ते कुणाचं हे सांगता येत नाही.

जागेवर एवढा जोर का देतोय सांगतो. पिस्टनच्या इंजिनात गार हवा आणि आग एकाच सिलिंडरमध्ये आळीपाळीने येतात. रोटरीत हाउसिंगची, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची, एक बाजू कायम सक्शनची, गार, आणि प्लगची बाजू कायम आगीची. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, आणि त्या एका फेऱ्यात त्याच्या तिन्ही बाजूंची आग त्याच एका जागी लागते. म्हणून हाउसिंग सगळीकडे सारखं झिजत नाही, प्लगजवळ तडे बघ, कडेला क्रोम सुटलंय का बघ. मझदा या जपानी गाडी कंपनीच्या सुरुवातीच्या रोटरी इंजिनांत आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे यायचे, त्यांचे इंजिनियर त्याला सैतानाची नखं म्हणायचे. सील थरथरत होतं म्हणून ते ओरखडे, आणि १९६७ च्या त्यांच्या कॉस्मो गाडीमध्ये कार्बन-ॲल्युमिनियमचं सील घालून तो प्रश्न सोडवला. ओरखडे कुठे आणि कसे पडलेत तेही मोजमापाइतकंच नीट बघायचं असतं.

आता आकडे. मझदाच्या १३बी इंजिनाचं हाउसिंग ८० मिमी रुंद, प्लगजवळचं माप आणि बाकीच्या जागांमधलं सगळ्यात कमी माप यात ०.०६ मिमी, म्हणजे ६० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे अंदाज यावा म्हणून सांगितलं, तुझ्या इंजिनाची लिमिट त्याच्याच मॅन्युअलमधून घे. पण हे बघ, ८० मिमी ॲल्युमिनियम १२ डिग्रीने तापलं की साधारण २२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २० डिग्रीच्या एसी रूममधलं एक माप आणि मे महिन्यात शॉपमध्ये ३२ डिग्रीला घेतलेलं दुसरं यांची तुलना करशील तर त्या ६० मायक्रॉनमधला तिसरा हिस्सा नुसत्या उन्हाचा. मायक्रोमीटरही थोडा वाढतो, पण तो स्टीलचा, ॲल्युमिनियमच्या निम्माच वाढतो. जॉब आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेव, सकाळी शून्य तपास, एका जागी तीनदा घे, तिन्ही लिही आणि टेंपरेचरही लिही.

एपेक्स सीलची उंची दोन्ही टोकांना आणि मधोमध घ्यायची, वाक सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट घासलेल्या पाटावर, फीलर गेजच्या पातळ पात्या फटीत घालून बघायचा. खालची स्प्रिंग विसरू नकोस, सील चांगलं पण स्प्रिंग दबून सैल पडलेली असेल तरी कॉम्प्रेशन जातंच.

एक मनाला लागलेली गोष्ट सांगतो. पूर्वी एका कंपनीत मी पंपाचे रोटर तपासायचो, फॉर्मवर फक्त ओके किंवा रिजेक्टचा रकाना. तीन वेळा लिमिटच्या आत होतं, तीन वेळा ओके लिहिलं, चौथ्या खेपेआधीच पंप जाम. दर खेपेला किती झिजलं होतं हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि तो आकडा मी स्वतः डोळ्यांनी बघितला होता गं. तिथे पंप बंद पडला, तुझं इंजिन हवेत असणार आहे. गाडीला फुल पॉवर थोडा वेळ लागते, विमानाला तासन्तास मोठ्या पॉवरवर चालावं लागतं आणि कडेला थांबता येत नाही. त्यामुळे आजचं माप लिमिटच्या आत आहे एवढ्याने भागत नाही, मागच्या ओव्हरहॉलपासून किती तासांत किती गेलं ते दिसलं पाहिजे, आणि ते आकडा लिहिला तरच दिसतं. फॉर्ममध्ये रकाना नसेल तर स्वतःची वही कर.

पावसाळ्यात कास्ट आयर्नची साइड हाउसिंग, म्हणजे दोन्ही बाजूंची झाकणं, मोजून झाली की लगेच तेल लाव, आपल्याकडे एका रात्रीत गंज धरतो.

शनिवारी दुपारी वागळेला ये, ओळखीच्या टूलरूममध्ये सरफेस प्लेट मोकळी असते. कंपनीची परवानगी घेऊन तिन्ही सील आण, वेगवेगळ्या पुडीत, नंबर टाकून. सोबत तुझी रीडिंग्ज पण आण, पण मला आधी दाखवू नकोस, मी माझी घेतो आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझा काका