मोटर चोरीला गेली की पोलिसांची गाडी आमच्याच वस्तीवर का येते?

प्रश्न : मी फासेपारधी समाजाचा, वय 26, ट्रॅक्टर चालवतो. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्या रात्री पोलिसांनी मला घरून उचललं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. कागद काही दिला नाही. आता “उद्या ठाण्यात येऊन जा” असा फोन आलाय. जाऊ का?

उत्तर : नुसत्या फोनवर जाऊ नका. लेखी नोटीस मागा. संशयित म्हणून बोलवत असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली, साक्षीदार म्हणून असेल तर कलम 179 खाली. व्हॉट्सॲपवर आलेली 35 ची नोटीस चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. रीतसर नोटीस हातात पडली की मात्र ठरल्या वेळी हजर राहाच. टाळलीत तर तेच अटकेचं निमित्त होईल. सोबत वकील न्या. अनुसूचित जमातीच्या माणसाला तो तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता त्या रात्रीचं. “चोवीस तासांच्या आत सोडलं की” असं तुम्हाला ऐकवतील. चोवीस तासांची मुदत रीतसर अटक केलेल्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्यासाठी आहे. नोंद न करता कुणालाही रात्रभर बसवून ठेवण्याची ती परवानगी नव्हे. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. तुमच्या बाबतीत दोन्ही झालं नाही. म्हणून आजच पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. त्या रात्रीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण आणि स्टेशन डायरीची नोंद जपून ठेवावी, असं त्यातच लिहा. उशीर केलात तर चित्रण पुसलं जाईल.

1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी तुमच्या पणज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून गेला, ठाण्यातल्या सवयीतून गेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये, तुरुंगातल्या जातिभेदावरच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त, म्हणजे हा शिक्का काढलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असा आदेश पोलिसांना दिला. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

“ओळखीच्या वस्तीवर नजर ठेवली नाही तर चोर सापडायचे कसे,” असं अधिकारी मलाही विचारतात. मी उलट विचारते, या तरुणाला बसवून ठेवलं त्या रात्री मोटर कुठल्या भंगारवाल्याकडे गेली, ते कुणी पाहिलं का? त्या शेतकऱ्याची मोटर अजून मिळालेली नाही.