कोकणातल्या डोंगरभटकंतीत शौचाची सोय जबाबदारीने कशी करावी?

रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असा मुक्कामी ट्रेक मित्रमंडळींसह करणार आहात आणि वाटेत शौचाला जावे लागले तर गावाला किंवा पाण्याला त्रास होऊ नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. संकोचापोटी हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण सगळे जी चूक करतो ती म्हणजे पाणी न बघता नुसता आडोसा बघणे. उन्हाळा जवळ आला की खेडकडच्या उतारांवरचे गवत वाळते आणि हिरवी झाडी उरते ती बहुधा पऱ्याच्या, म्हणजे छोट्या ओढ्याच्या, काठाने. तिथे सावली असते, मोठ्या दगडांची आड असते आणि पात्र खडखडीत कोरडे असल्यामुळे ते पाण्याची वाट आहे हे ध्यानातच येत नाही. मीही एका मार्चमध्ये असाच एका पऱ्यात उतरलो होतो. वर आलो तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक आजोबा वाटेवर उभे. ते रागावले नाहीत, खालच्या वळणाकडे बोट करून एवढेच म्हणाले, "आमची विहीर तिथं हाय. पाऊस लागला की ह्येच पानी तिच्यात जातं." तेव्हापासून कोरडा पऱ्या मी भरलेलाच समजतो. पऱ्या, झरा, विहीर, गडावरचे टाके आणि पायवाट या सगळ्यांपासून निदान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावले, दूर जावे.

जागा निवडताना झाडाखालची, पालापाचोळा कुजून काळसर झालेली भुसभुशीत माती पाहावी, कारण मैला कुजवणारे जिवाणू याच वरच्या थरात भरपूर असतात. खुरप्याने १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करावा, काम झाल्यावर तीच माती परत लोटून दाबावी आणि वर पाला पसरावा. दगड मात्र हाताने उचलू नयेत. फुरसे दगडाखालीच दडून बसते, आणि बसण्यापूर्वी काठीने आजूबाजूचे गवत हलवून घेणेही शहाणपणाचे.

खरी अडचण सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, येते. तिथे जांभ्यावर माती जेमतेम बोटभर असते, त्यामुळे खड्डा होतच नाही. शिवाय जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडते. अशा ठिकाणी थांबून राहावे, नाहीतर मैला सोबत न्यावा. जाड पिशवीत मूठभर राख किंवा कोरडी माती घालून ती दुसऱ्या पिशवीत बांधावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मुक्कामी पोचल्यावर मैला संडासात आणि पिशवी कचऱ्यात टाकावी. ऐकायला किळसवाणे वाटते खरे, पण राखेमुळे वास फारसा येत नाही.

आपल्याकडे पाणी वापरण्याची सवय आहे, ती चांगलीच आहे. मात्र त्यासाठी वेगळी बाटली ठेवून तिच्यावर रंगाची खूण करावी. तीच बाटली नंतर टाक्यात बुडवणारे महाभाग मी पाहिले आहेत. साबणाने हात धुणेही टाक्यापासून लांबच करावे. कागद, ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत, जाळूही नयेत, कारण वाळल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. ते परत आणावेत.

लघवीसाठीही पाण्यापासून तेवढेच अंतर ठेवावे. बरोबर महिला असतील तर म्होरक्याने आपणहून थांबे जाहीर करावेत, नाहीतर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि उन्हात त्रास होतो. देवराईत कोणत्याही कारणाने बसू नये. गावकऱ्यांची श्रद्धा तर आहेच, शिवाय गावाचा झरा अनेकदा तिथूनच निघतो.

मुक्काम गावात असेल तर पहाटे निघण्यापूर्वीच घरच्या काकींना विचारून त्यांचा संडास वापरावा. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणलेले असेल, तर वापरलेली बादली आपणच भरून आणावी.