पुढारपण रक्तातच असावं लागतं का?

प्रश्न: आमच्या गावचं सरपंचपद सोडतीत महिलेसाठी राखीव निघालं, घरच्यांनी मला उभं केलं आणि मी निवडूनही आले. पण मीटिंगमध्ये सगळं मिस्टरच बोलतात, मी फक्त सह्या करते. सासरे म्हणतात पुढारपण रक्तातच असावं लागतं, ते शिकून येत नाही. माझा स्वभाव मुळातच शांत आहे. मला जमेल का हो?
— एक सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, जमेल, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. स्वभाव जन्माने मिळतो हे कबूल, कुणी चार लोकांत बिनधास्त बोलतं, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पुढारी घराण्यात आपल्याला जे रक्त वाटतं ना ती बहुतेक वेळा सवय असते, तिथलं पोरगं लहानपणापासून ओसरीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकतं, कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडतो ते बघतं, मग विशीत उभं राहिलं की लोक म्हणतात बघा, रक्तातच आहे!

पंचायतींत महिलांना राखीव जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, महाराष्ट्रात 2011 पासून महिलांचं आरक्षण 50 टक्के झालं. सोडतीची चिठ्ठी कुणाचं रक्त बघत नाही. पश्चिम बंगालमध्ये अभ्यासकांनी बघितलं की जिथे प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, लागोपाठ दोनदा बायकांसाठी राखीव होतं, तिथे पुढे आरक्षण नसतानाही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या. उपजतच असतं तर दोन टर्ममध्ये एवढं बदललं असतं का?

हिवरे बाजारचे पोपटराव पवार घ्या, एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण, 1989 मध्ये सरपंच झाला तेव्हा गाव दुष्काळी होतं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे सगळं लोकांशी बोलत, त्यांना पटवत बसवावं लागलं. आज तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी पिण्याचं पाणी बाजूला आणि मग उरलेल्यात कुठली पिकं घ्यायची ते ठरतं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. शेतकऱ्याला बोअर घेऊ नको म्हणायचं आणि त्याने ते ऐकायचं, एवढा विश्वास जन्माने मिळत नाही हो, तो वर्षानुवर्षं काम करूनच मिळतो.

पण नुसती वर्षं मोजून पण उपयोग नाही, वीस वर्षं खुर्चीवर असून काही न शिकलेले पण आपण बघतोच. निर्णय स्वतः घेतला आणि लोकांना त्याचा जाब स्वतः दिला तरच माणूस तयार होतो, आणि तुमच्याकडून नेमकं तेच काढून घेतलंय. मिस्टर बोलतात म्हणजे अनुभव त्यांना मिळतोय, तुम्हाला नाही, आणि मला याचाच खरा राग येतो. मासिक सभेत बोलायचा हक्क निवडून आलेल्यांचा आहे, नवऱ्याचा नाही. घरात हे भांडून नको, शांतपणे पण स्पष्ट सांगा.

शांत स्वभावाचा तर फायदाच आहे, तुम्ही ऐकून घ्याल. चेकवर सही करायच्या आधी ते काम, गटार असो की पाण्याची टाकी, स्वतः जाऊन बघून या. ग्रामसेवकाकडून मागचं प्रोसिडिंग, म्हणजे सभांचं इतिवृत्त, आणि कॅशबुक मागून वाचा, नाही कळलं तर विचारा, त्यात लाज कसली. ग्रामसभेआधी महिला सभा असते, तिथे आधी बोला, तिथल्या बायका तुम्हाला सांभाळून घेतील. आणि पुढच्या मासिक सभेचा अजेंडा ग्रामसेवकासोबत बसून तुम्हीच काढा, पहिला विषय तुम्हीच मांडा, कागदावर लिहून वाचला तरी चालेल.