गोदाम आणि निर्यात दोन्हींसाठी प्लास्टिक पॅलेट कोणत्या मापाचं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की भिवंडीत गाळा घेतलाय, रॅक बसवायचे आहेत आणि माल खोक्यांत भरून न्हावा शेव्याहून दुबईला आणि जर्मनीला जातो. पॅलेट म्हणजे खालून फोर्कलिफ्टचे काटे घालून उचलता येणारा, माल रचायचा पाट. पॅलेटवाला १२०० बाय १००० मिलिमीटर म्हणतोय. तुम्हाला वाटतंय की थोडे पैसे जास्त टाकून १२०० बाय १२०० घेतलं तर एका पॅलेटवर जास्त माल मावेल.

नका घेऊ. कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद, म्हणजे २४३८ मिलिमीटर. नालीदार पत्र्याची जाडी वजा केली की आत साधारण २३५० उरतात. बाराशेची दोन पॅलेट शेजारी-शेजारी म्हणजे २४००. पाच सेंटिमीटरसाठी दुसरं पॅलेट आत जात नाही. मग वीस फुटी कंटेनरात एका ओळीत चार पॅलेट बसतात, बाजूला जवळजवळ निम्मा कंटेनर मोकळा राहतो आणि भाडं पूर्ण भरावं लागतं. तेच १२०० बाय १००० आडवं-उभं फिरवून लावलं तर वीस फुटीत दहा आणि चाळीस फुटीत वीस-एकवीस बसतात. युरोपातले ट्रक आतून साधारण २४५० रुंद असतात, त्यामुळे तिकडे बाराशेची दोन पॅलेट आरामात बसतात. तिकडचा फोटो बघून इथे माप ठरवू नका.

कंटेनरचं एवढंच. तुम्ही रॅकही बसवताय, आणि पैसा खरा तिथे बुडतो. याच विषयावर मी एकदा खूप भांडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आधी ज्या कंपनीत होतो ती लोणची, मसाले, चटण्या आखाती देशांत आणि इंग्लंडला पाठवायची. गोदाम माझ्याकडे होतं. रॅक नवे बसवले, आणि ते १२०० बाय १००० पॅलेट धरूनच बसवले. पॅलेटची १००० ची बाजू समोर आणि १२०० ची बाजू आत खोलीत जाणार, असा हिशोब. म्हणून बीमची, म्हणजे पॅलेट ज्यावर टेकतं त्या आडव्या लोखंडी दांड्याची, मोकळी लांबी २३००: दोन पॅलेटचे २००० आणि दोन्ही कडांना व मध्ये शंभर-शंभरची फट. फ्रेमची, म्हणजे बाजूच्या उभ्या चौकटीची, खोली १०५०, म्हणजे १२०० चं पॅलेट पुढे-मागे पंचाहत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर बाहेर येऊन दोन्ही बीमवर पक्कं बसतं. यात नवीन काही नाही, कुठलाही बरा रॅकवाला असंच करतो.

पॅलेटची ऑर्डर निघायच्या आधी मी पर्चेसच्या साहेबांना मेल केला होता. सोबत हाताने काढलेलं चित्र होतं आणि त्यावर बाण: काटे हजारच्या बाजूने आत गेले पाहिजेत. साहेबांचं उत्तर आलं की माप तेच आहे, बाकी आम्ही बघतो. त्यांना दुसऱ्या एका कंपनीतून निघालेला वापरलेल्या पॅलेटचा लॉट स्वस्तात मिळत होता. माप १२०० बाय १०००, रंग निळा, माल मजबूत. गाडी आली, हमालांच्या टोळीने उतरवून थप्पी लावली. मी पहिलं पॅलेट उलटं करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. दोन बाजूंनीच काटे जाणारं पॅलेट, आणि त्या दोन्ही बाजू बाराशेच्या. खालचे धावे, म्हणजे तळाच्या लांब पट्ट्या, हजारच्या दिशेने.

आता हे रॅकवर कसं ठेवणार? बाराशेची बाजू समोर ठेवली तर दोन पॅलेटचे २४०० होतात आणि जागा २३००, म्हणजे एका खणात एकच पॅलेट. शिवाय खोलीत जाते ती हजारची बाजू. बीमची बाहेरची कड ते बाहेरची कड १०५०, प्रत्येक बीम पन्नासचा, म्हणजे दोन बीममधली पोकळी ९५०. पॅलेटला टेकायला एकेका बीमवर पंचवीस मिलिमीटर मिळतात, तेही ऑपरेटरने अगदी नेमक्या मध्यावर ठेवलं तर. आणि फिरवून ठेवावं, तर समोरून काटे जायला भोकच नाही.

मी लेखी कळवलं की ही पॅलेट रॅकवर चढवू नयेत. वरून दट्ट्या आला की महिनाअखेर आहे, जमिनीवर जागा नाही, चढवा, सांभाळून लावा. टोळीचे मुकादम रॅकच्या मागे उभे राहून ओरडून सांगत होते, "साहेब, मागं टेकत नाही हे!" फोर्कलिफ्टचा ऑपरेटर कसलेला माणूस, तो एकेक पॅलेट उचलून, पुन्हा पुढे घेऊन, इंच-इंच सरकवत लावत होता. दुसऱ्या मजल्यावर कैरीच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्यांचं पॅलेट मागच्या बीमवरून निसटलं. ते धाडकन पडलं नाही. आधी मागचा कोपरा बसला, मालाभोवती गुंडाळलेली स्ट्रेच फिल्म ताणली गेली, वरचे दोन थर कलले आणि मग सगळं एकदम खाली. माणूस कुणी खाली नव्हता, कारण मुकादमांनी त्या गल्लीत टोळीला उभंच राहू दिलं नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तेल आणि मोहरीची डाळ काँक्रीटच्या सांध्यांत गेली. भुसा टाकला, गरम पाण्याने धुतलं, तरी वास जाईना.

मीटिंगमध्ये काय झालं असेल? "गोडाऊनवाल्यांना माल लावता येत नाही." आणि साहेबांचं ते वाक्य: "पॅलेट म्हणजे पॅलेट, त्याला काय उलटं-सुलटं असतं?" मी मोठ्या साहेबांना रॅकपाशी घेऊन गेलो, टेप लावला, ९५० आणि १००० हे दोन आकडे दाखवले आणि मेलची प्रिंट हातात दिली. नंतर त्या रॅकना आडवे सपोर्ट बार बसवले. पॅलेटमागे जेवढं वाचवलं होतं त्याहून जास्त त्यात गेलं, आणि खणात दुसरं पॅलेट बसत नव्हतं ते नव्हतंच. शेवटी तो लॉट जमिनीवरच्या थप्पीसाठी ठेवला आणि रॅकसाठी चारही बाजूंनी काटे जाणारी नवी पॅलेट आली. पर्चेसच्या त्या साहेबांनी आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, लांबी-रुंदीचे दोन आकडे म्हणजे माप नव्हे. काटे कुठल्या बाजूने जातात आणि धावे कुठल्या दिशेने आहेत हे ड्रॉइंगवर बाण काढून, सही-शिक्क्यासह घ्या. हँड पॅलेट, म्हणजे पॅलेट उचलायची हाताने ओढायची गाडी, वापरणार असाल तर त्याचा काटा सहसा ११५० लांब असतो. त्याची पुढची चाकं जिथे खाली उतरतात तिथे पॅलेटच्या तळाला मोकळी जागा हवी. नाहीतर चाक तळाच्या पट्टीवर चढतं आणि पॅलेट उचलण्याऐवजी फाडतं.

आणि भाराचे आकडे. कॅटलॉगवर सगळ्यात ठळक छापलेला आकडा जमिनीवर उभ्या पॅलेटचा असतो. काट्यांवर उचलल्यावर तो बराच खाली येतो आणि दोन बीमवर अधांतरी ठेवल्यावर आणखी खाली. तुम्हाला हवा तो तिसरा, रॅकचा आकडा. तो लिहून द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उठून या. प्लास्टिक भाराखाली हळूहळू वाकतं आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली, वरच्या मजल्यावर जास्त वाकतं. आज सरळ दिसणारं पॅलेट मे महिन्यात पोट काढतं. जड माल असेल तर आत लोखंडी पाइप घातलेलंच घ्या. नऊ पायांचं, एकात एक बसणारं पॅलेट रॅकवर ठेवूच नका.

मापाची सुरुवात मात्र खोक्यापासून करा. खोकं ६०० बाय ४०० असेल तर १२०० बाय १००० वर एका थरात बरोबर पाच बसतात: तीन उभी, दोन आडवी, एक इंचही वाया नाही. ४०० बाय ३०० असेल तर दहा. तेच ६०० बाय ४०० तुम्ही ११०० बाय ११०० वर लावलं तर चारच बसतात आणि मधे भोक राहतं. खोकं पॅलेटच्या बाहेर लोंबू देऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते. तोच कोपरा हवेत राहिला की खालचा थर चेपतो आणि दुबईत उतरताना तक्रार येते. थर एकावर एक सरळ, कोपऱ्यावर कोपरा ठेवून लावा. फक्त वरचे एक-दोन थर फिरवून गुंफा आणि फिल्म घट्ट मारा. सगळेच थर विटांसारखे गुंफले की पॅलेट दिसायला छान दिसतं, पण खालची खोकी चेपतात.

क्रम असा ठेवा: आधी खोकं, मग पॅलेट, मग रॅक. तुमचे रॅक अजून लागलेले नाहीत हे तुमचं नशीब. पॅलेटचा एक नमुना विकत घ्या, त्यावर पूर्ण माल लावा आणि रॅकवाल्याला तो दाखवून मगच बीमची लांबी ठरवा. रॅकवाला "आमचं स्टँडर्ड आहे" म्हणेल, त्याचं ऐकू नका.

आता काही गोष्टी राहिल्या. रॅकवरचं महागडं पॅलेट कंटेनरात घालून परदेशी पाठवू नका, ते परत येत नाही. गोदामाचं वेगळं आणि निर्यातीचं हलकं, एकदाच वापरायचं वेगळं घ्या, दोन्हींचा पाया मात्र एकाच मापाचा. माल एकावरून दुसऱ्यावर हलवायची वाराई, म्हणजे हमाली, पडेल, तरी स्वस्तच. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटला कीड मारायला उष्णता प्रक्रिया आणि तसा शिक्का लागतो, प्लास्टिकमुळे ती कटकट वाचते, तेवढा फायदा आहेच.

जर्मनीच्या ग्राहकाला मात्र आधी विचारा. त्याचे रॅक ८०० बाय १२०० च्या युरो पॅलेटचे असतील तर तो तुमचं पॅलेट उतरवून पुन्हा लावेल आणि खर्च तुमच्या बिलातून कापेल. तेव्हा त्या मालापुरतं ८०० बाय १२०० घ्यावं लागेल. त्यावर ६०० बाय ४०० ची चार खोकी एका थरात बसतात आणि वीस फुटी कंटेनरात अशी अकरा पॅलेट जातात. एकूण जागा थोडी कमीच वापरली जाते, पण ग्राहक म्हणेल ते. आणि मी हे सगळं खोक्यांबद्दल लिहिलंय. दोनशे लिटरचे ड्रम असतील तर गणित वेगळं, तिथे ११४० बाय ११४० चांगलं. त्याची दोन शेजारी-शेजारी २२८० होतात, कंटेनरात नीट बसतात आणि एकावर चार ड्रम राहतात. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, आतून आणखी थोडा अरुंद असतो, तेव्हा फळं किंवा थंड माल असेल तर जहाज कंपनीकडून आतलं माप घेतल्याशिवाय काहीच ठरवू नका.

खोक्याचं बाहेरून माप, भरलेलं वजन आणि गाळ्याची छताखालची उंची खाली लिहा. थर कसे बसतील आणि बीम किती लांबीचा लागेल ते मांडून देतो.