'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांचं वागणं मास्लोच्या गरजांच्या सिद्धांताने कसं उलगडून दाखवता येईल?

तुम्ही एम.ए.च्या प्रकल्पासाठी विचारलंय आणि प्रश्नाखाली स्वतःच उत्तरही देऊन टाकलंय: 'अन्न-निवारा या पायाभूत गरजा हिरावल्या गेल्यामुळे अप्पा कोसळतात.' हे साफ चूक आहे. मी मानसशास्त्र शिकवते, उत्तरपत्रिकांत हेच वाक्य वाचून वाचून कंटाळलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

मानसशास्त्रज्ञ मास्लो माणसाच्या गरजा पाच पायऱ्यांत मांडतो, खालून वर: शरीराच्या गरजा, सुरक्षितता, प्रेम-आपुलकी, सन्मान आणि स्वतःतल्या क्षमता पूर्ण फुलवणं. आता नाटक पुन्हा वाचा. मुलीकडे, नलूकडे असताना अप्पा आणि त्यांची बायको कावेरी यांच्या डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे. मास्लोच्या खालच्या दोन्ही पायऱ्या शाबूत आहेत. मग पोटच्या लेकीकडून पैशांच्या चोरीचा आळ येतो आणि दोघं घर सोडतात. छप्पर त्यांनी स्वतः टाकलं, चौथ्या पायरीसाठी, म्हणजे सन्मानासाठी. पुढे कावेरी जाते, अप्पा फुटपाथवर येतात आणि तिथे बूटपॉलिशवाला राजा त्यांना जीव लावतो. पोटाची चिंता, उशाला दगड, आणि तरी आपुलकीची गरज भागतेय, जी मुलांच्या घरात भागत नव्हती. घर मागणारं ते गाजलेलं स्वगत विद्यार्थी डोळे झाकून 'निवारा' या खात्यात टाकतात. अहो, निवारा तर माणूस सोडून आलाय!

मास्लोवर खापर फोडू नका. त्याने १९४३च्या मूळ लेखातच लिहून ठेवलंय की हा क्रम ताठर नाही. काहींना प्रेमाआधी स्वाभिमान लागतो, काही जण तत्त्वापायी सगळं उधळून देतात. गाइडात छापतात तो त्रिकोणही त्याने काढलेला नाही, तो पुढे व्यवस्थापनाच्या लोकांनी रूढ केला.

हे मला इतकं टोचतं कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. वडील एस.टी.त कंडक्टर होते. रात्री ड्यूटीवरून आले की जेवणाआधी सतरंजीवर चिल्लर ओतायची, नाण्यांच्या चवड्या लावायच्या, तिकिटांचा हिशोब जुळवायचा. पैसा इकडचा तिकडे झालेला त्यांना चालायचा नाही. आई गेल्यावर दादा त्यांना पुण्याला घेऊन गेला. स्वतंत्र खोली, टीव्ही, वेळेवर औषधं, सगळं होतं. त्यांनी तिथे घरखर्चाची वही घातली. भाजी, दूध, पेपर, रोजचं रोज. वहिनी म्हणाली, "बाबा, हे सगळं मोबाईलमध्ये असतं, कशाला त्रास घेता?" वीजबिल भरायला ते स्वतः जायचे, तर दादाने ते परस्पर बँकेतून कापून जाईल असं करून टाकलं. सकाळी मंडईत जायचे, तर भाजी दारात यायला लागली. मग एकदा पाहुण्यांसमोर फ्लॅटच्या कर्जाचा विषय निघाला. बाबांनी व्याजाचं काहीतरी विचारलं, तर दादा म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, तुम्ही आराम करा." ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब चोख ठेवला त्याला हे ऐकवलं! दुसऱ्या दिवशी बाबांनी पिशवी भरली आणि ते गावी निघून आले. तिथे कौलं गळतात, पिठलं-भात स्वतःच्या हाताने करतात. पण देवस्थानचा हिशोब त्यांच्याकडे आहे आणि गावातली पोरं फॉर्म भरायचा म्हटलं की त्यांच्या ओट्यावर येतात.

दादा आजही प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत विचारतो, "काय कमी केलं होतं मी?"

या प्रश्नाचं उत्तर मास्लोपेक्षा डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतात नीट सापडतं. ते तीन मानसिक गरजा मानतात: स्वायत्तता, सक्षमता आणि जिव्हाळ्याचं नातं. त्यांची उतरंड नाही, तिन्ही एकदम लागतात. अप्पांना लावून पाहा. इस्टेट मुलांना वाटून टाकणं हा त्यांनी स्वतःच्या मर्जीने घेतलेला मोठा निर्णय, आणि त्यानंतर घरातल्या कुठल्याच निर्णयात त्यांचा शब्द चालत नाही. स्वायत्तता गेली. रंगभूमी सुटली, सक्षमता गेली. कावेरी असेपर्यंत, त्यांचं ते 'सरकार' असेपर्यंत, नातं तेवढं शिल्लक होतं. मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे यांनी १९३८मध्ये गरजांची लांबलचक यादी दिली, तिच्यात लोकांसमोर स्वतःला मांडण्याची, त्यांच्यावर छाप पाडण्याची गरज वेगळी मोजली आहे. नटाचं विश्लेषण करताना ती सोडलीत तर प्रकल्पाला अर्थ नाही. घरच्यांना आगाऊपणा वाटतो तो त्या माणसाचा श्वास आहे.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. अप्पा म्हणजे कुणी तपासायला आलेला रुग्ण नव्हे. शिरवाडकरांनी १९७०मध्ये 'किंग लिअर' डोळ्यांसमोर ठेवून उभं केलेलं ते पात्र आहे. ते घर सोडतं त्यात त्याच्या गरजेइतकाच शोकांतिकेच्या रचनेचाही हात आहे, आणि परीक्षक हे विचारणारच. शिवाय अप्पा सोबत राहायला सोपे नाहीत. नलूची बाजू लिहा, तिला खलनायिका करू नका. आमची वहिनीही मनाने वाईट नाही.

पण तोंडी परीक्षेत कुणी 'मुलांनी खायला-प्यायला तर घातलं होतं ना' म्हणालं तर गप्प बसू नका. काय दिलं याची यादी मुलांना तोंडपाठ असते. काय काढून घेतलं याची यादी करायला सांगा. मी दादाला हेच सांगत आलेय: वही, बिलाची रांग, मंडईची पिशवी, आणि चारचौघांत बोलायचा हक्क. यातलं एकही औषधाच्या डब्यात मिळत नाही. बाबांना परत आणायचं असेल तर आधी घरखर्चाची वही त्यांच्या हातात दे आणि महिनाअखेरीला त्यांच्यासमोर बसून हिशोब ऐकून घे.