ठरवून काढलेल्या फोटोंपैकी काहींवरच लोक का चिडतात?

नेत्यांचे फोटो आधी ठरवूनच काढले जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग एखाद्याच फोटोवर एवढा गदारोळ का होतो, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, ठरवून काढला एवढ्यावरून लोक सहसा चिडत नाहीत. जे अजून घडलेलंच नाही ते घडून गेल्यासारखं फोटो सांगू लागला, की चिडतात.

१ मे २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू जहाजावर वैमानिकाच्या पोशाखात उतरले. नंतर कपडे बदलून त्यांनी भाषण केलं, तेव्हा मागे 'मिशन अकम्प्लिश्ड', म्हणजे मोहीम फत्ते, असा भलामोठा फलक होता. इराकमध्ये अवघड काम अजून बाकी आहे, असं ते त्याच भाषणात म्हणाले होते. पण लक्षात राहिला तो फलक. त्या दिवसापर्यंत इराकमध्ये दीडशेच्या आत अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले होते. युद्ध संपेपर्यंत तो आकडा चार हजारांच्या पुढे गेला. मेलेल्या इराकी नागरिकांची तर गणतीच नाही. ज्यांच्या घरातलं माणूस त्या फलकानंतर गेलं, त्यांना तो फोटो काय वाटत असेल, हे मनातून जात नाही.

हसू होणं वेगळं. १९८८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस मोठं हेल्मेट घालून रणगाड्यात बसले आणि लोक हसले. त्यात कोणाची फसवणूक नव्हती, पण विरोधकांनी तेच चित्रण जाहिरातीत वापरलं.

पॅरिसमध्ये ११ जानेवारी २०१५ ला दहशतवादी हल्ल्यांनंतर देशोदेशीचे नेते हातात हात घालून चालले. समोरून पाहिलं तर ते लाखोंच्या मोर्चाच्या अग्रभागी आहेत असं वाटे. वरून घेतलेल्या फोटोत रिकाम्या रस्त्यावरचा तो वेगळा घोळका दिसला. सुरक्षेचं कारण मला पटतं, तरी ते तेव्हाच मोकळेपणाने सांगायला हवं होतं.

ठरवून काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे चमकोगिरी, असंही मी मानत नाही. जानेवारी १९९७ मध्ये ब्रिटनची प्रिन्सेस डायना आफ्रिकेतल्या अंगोलात चिलखत घालून सुरुंगांच्या शेतातल्या साफ केलेल्या वाटेवरून चालली, आणि छायाचित्रकारांसाठी पुन्हा एकदा चालली. आजूबाजूला सुरुंग खरेच होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओटावात १२२ देशांनी सुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या. ते पाहायला ती राहिली नव्हती.