फाईलच्या नावातली स्पेस सर्व्हरला का नडते?

प्रश्न: आमच्या संस्थेचं काम विंडोजवर आणि बॅकअप लिनक्स सर्व्हरवर असतो. तिथून 'वार्षिक अहवाल २०२३.पीडीएफ' एससीपीने (दुसऱ्या मशीनवरून फाईल कॉपी करणाऱ्या कमांडने) आणायला गेले तर फाईल सापडत नाही असा मेसेज, तोही तीनदा. डबल कोटमध्ये नाव टाकलं तरी तेच. घरच्या लॅपटॉपवरून तीच कमांड दिली तर फाईल मुकाट्याने येते! आता सगळ्या नावांतल्या स्पेस काढत बसू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नको, नावं आहेत तशीच राहू द्या. लिनक्सला स्पेस हे बाकीच्यांसारखंच एक कॅरेक्टर आहे, फाईलच्या नावात तिथे फक्त स्लॅश आणि नल (न दिसणारं, शून्य किमतीचं कॅरेक्टर) चालत नाही, बाकी काहीही चालतं. गडबड करतो तो शेल, म्हणजे तुमची कमांड वाचणारा प्रोग्रॅम, त्याला स्पेस दिसली की तो तिथे शब्द तोडतो, म्हणून 'वार्षिक', 'अहवाल' आणि '२०२३.पीडीएफ' अशा तीन फाईल्स शोधल्या गेल्या आणि तीन मेसेज आले.

मग कोट लावूनही का होत नाही, तर जुन्या एससीपीमध्ये नाव दोनदा वाचलं जातं, एकदा तुमच्याकडे आणि एकदा सर्व्हरवरच्या शेलमध्ये, आणि तुम्ही लावलेले कोट पहिल्याच ठिकाणी गळून पडतात, सर्व्हरला नाव उघडंच मिळतं. त्यासाठी पूर्ण पत्ता, म्हणजे सर्व्हरचं नाव, कोलन आणि फाईलचं नाव, डबल कोटमध्ये आणि कोलननंतरचं नाव आत परत सिंगल कोटमध्ये, असं करायचं. ऑफिसच्या मशीनवर हे चालेल.

पण घरी हे करू नका! एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच (ज्या सॉफ्टवेअरमध्ये एससीपी येतं ते) ९.० आलं आणि तेव्हापासून एससीपी आतून एसएफटीपी (फाईल पाठवण्याची वेगळी पद्धत) वापरतं, मधला सर्व्हरचा शेल गेलाच, त्यामुळे कोट एकदाच पुरतात आणि आतले जादाचे कोट नावाचाच भाग समजले जाऊन उलट फाईल सापडत नाही. तुमच्या घरी बहुतेक हेच नवं व्हर्जन आहे. एसएसएच या कमांडपुढे वजा चिन्ह आणि कॅपिटल व्ही दिलं की व्हर्जन दिसतं, दोन्हीकडे बघून घ्या. आरसिंक या फाईल कॉपी करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच, व्हर्जन ३.२.४ पासून ते स्वतः सांभाळून घेतं, त्याआधीच्याला वजा चिन्ह आणि स्मॉल एसचा ऑप्शन द्यावा लागतो.

खूप फाईल्स एकदम आणायच्या असतील तर मी तरी सर्व्हरवर त्यांचं एक टार, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाईल, करून घेईन, त्याला स्पेस नसलेलं नाव देईन आणि तेच आणेन. आतली नावं जशीच्या तशी राहतात.

खरी काळजी बॅकअपच्या स्क्रिप्टची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीची, घ्या. तिथे फाईलचं नाव व्हेरिएबलमध्ये, म्हणजे डॉलरचं चिन्ह लावून वापरायच्या एका टोपणनावात, असतं आणि त्याला डबल कोट नसले तर परत तेच तुकडे पडतात. कॉपी करताना नुसती एरर येईल, पण जुन्या फाईल्स डिलीट करणारी ओळ असेल आणि 'अहवाल जुना' उडवायचं असेल, तर त्याच फोल्डरमधली 'अहवाल' नावाची चांगली फाईल उडेल, आणि 'जुना' सापडली नाही एवढंच स्क्रीनवर दिसेल. कुणी लिहून दिलेली स्क्रिप्ट असेल तर आजच उघडून बघा, डॉलरवाल्या प्रत्येक नावाभोवती डबल कोट हवेत.

आणि लिनक्सवरून विंडोजवर येताना मधली स्पेस बिनधास्त चालते, पण नावात कोलन, प्रश्नचिन्ह अशी काही चिन्हं असतील तर विंडोज ते घेत नाही, तेवढीच नावं आधी बदला.